तोताफोत म्हणजे काय

एकाआड एक शुक्रवारी दुपारी नांदेडची एस.टी. लातूरच्या स्टँडवर लागायची आणि एलीमामा उतरायचा. हातात पिशवी, आणि पिशवीतून मान बाहेर काढून जगाकडे बघणारी एक कोंबडी. कंडक्टर दर खेपेला कुरकुर करायचा आणि दर खेपेला मामा त्याला काहीतरी असं सांगायचा की तो हसून पुढे जायचा. काय सांगायचा ते आम्हाला कधी कळलं नाही. पण बोलून माणूस वळवून घेणं मामाला जमतं, एवढं मला आणि माझ्या धाकट्या भावाला, दानीला, तेव्हापासून ठाऊक होतं, आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता.

कोंबडीचं असं की आमच्यात ती कुणीही कापलेली चालत नाही. प्रार्थना म्हणून, ठरलेल्या रीतीने, त्यातल्या जाणकारानेच कापावी लागते. लातुरात असा माणूस नव्हता. आमच्यासारखी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरंच मुळात दोन. एक आमचं, बाबा ढोरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीत देवणी, उदगीर असं फिरत फिरत लातुरात आलेले. दुसरं फ्लोरामावशीचं, ती सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होती आणि दोन मुलांना घेऊन क्वार्टरमध्ये राहायची. मामाला ती रीत येत होती, त्यामुळे तो आला तरच घरात रस्सा शिजायचा, एरवी आम्ही पक्के शाकाहारी. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, ‘तुमचं तर आमच्याहून सोवळं हाय.’

शुक्रवारची दुपार म्हणजे नारळाचा वास. मटणात किंवा कोंबडीत दूध-दही चालत नाही म्हणून आई सगळं नारळाच्या दुधात करायची, आणि कोकणातून लातुरात येईपर्यंत नारळ खवट झालेला असायचा. गंजगोलाईत ती एकेक नारळ कानाशी हलवून, वास घेऊन निवडायची. दुकानदार म्हणायचा, ‘बाई, नारळ घेऊन राहिल्या का सोयरीक बघून राहिल्या?’ गुरुवारी भिजत घातलेल्या काळ्या मनुका शुक्रवारी कुस्करून त्यांचं सरबत व्हायचं. शुक्रवार रात्रीच्या प्रार्थनेला द्राक्षारस लागतो, त्याचं काम ते भागवायचं. सूर्य कलला की आई काचेच्या दिव्यात तेल घालून वात लावायची, डोळ्यांवर हात धरायची आणि पुटपुटायची. मग उद्या संध्याकाळपर्यंत चुलीला हात नाही. हे सगळं मी आज लिहिते आहे तेव्हा खिडकीबाहेर क्लासला जाणाऱ्या पोरांच्या सायकली चालल्या आहेत. आता लातुरात गल्लोगल्ली क्लास. आमचा क्लासही तसा लातुरातलाच, फक्त त्याची पाटी कुठे लागलेली नव्हती.

तो भरायचा आमच्या घराच्या ओसरीवर. मी, दानी, फ्लोरामावशीची दिना आणि तिचा छोटा अब्बू. शुक्रवारी दिवा लागायच्या आत पाटीवर लिहिणं, कारण शब्बाथला, आमच्या विसाव्याच्या दिवशी, लेखणी हातात धरायची नाही, आणि शनिवारी नुसतं मोठ्याने वाचणं. मामा नांदेडला एका जिनिंग कारखान्यात कारकून होता. शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून त्या बदल्यात रविवारी राबायचा. आम्हाला हिब्रू शिकवण्यापायी त्याने स्वतःची सुट्टी अशी घालवली, हे आई आम्हाला वरचेवर ऐकवायची.

आमचे घरमालक बापूराव निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. पहिल्या दिवशी माझी पाटी बघून ते थबकले.

‘काय लिहून राहिली पोरी? उजवीकडून? उर्दू हाय का काय?’

‘न्हाई. हिब्रू.’

‘म्हण बरं.’

‘आलेफ, बेत.’

‘अलिफ, बे!’ ते खूश होऊन म्हणाले. ‘लई लांबची न्हाईत की ही तुमची अक्षरं. भावकीच हाय.’ त्यानंतर ते वाचनाच्या वेळी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सुपारी कातरत बसायचे आणि मधूनच मान डोलवायचे.

अक्षरं मामाने आम्हाला अशी शिकवली की ती आजही मला तशीच दिसतात. आलेफ म्हणजे आडवा पडलेला नांगर. बेत म्हणजे घर, त्याचं दार डावीकडे. शिन म्हणजे तीन जिभांची चूल. काही महिन्यांत मी शेमा, म्हणजे आमची सकाळ-संध्याकाळची मुख्य प्रार्थना, पुस्तकातून बोट न ठेवता वाचायला लागले. आणि वाचायला लागले तशी विचारायला लागले. याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय. मामा कधी अडला नाही. तो मांडी घालून बसायचा, डोळे बारीक करायचा, आणि अर्थाऐवजी एक गोष्ट यायची.

शेमामध्ये एक शब्द आहे, तोताफोत. तो ऐकला की दानीला हसू फुटायचं. मामा म्हणाला, ‘हसू नको. तोताफोत म्हणजे तोते. पोपट.’ मग त्याने सांगितलं की आपले पूर्वज वाळवंटातून चालले होते तेव्हा मोठ्या माणसांना पाणी कुठे दिसेना. म्हणून देवाने पोरांच्या डोळ्यांसमोर हिरवे तोते सोडले. ते फक्त पोरांनाच दिसायचे. पोरं पुढे आणि मोठे मागे, असे सगळे पाण्यापर्यंत पोचले. म्हणून लिहिलं आहे की हे तोते तुमच्या दोन डोळ्यांमध्ये कायम असू देत. आम्ही चौघं तोंड उघडं टाकून ऐकत होतो. आतल्या खोलीत आई शेंगा फोडत बसली होती. तिथून तिचं हसू ऐकू आलं आणि ती म्हणाली, ‘एली, पुरे रे तुझं.’ हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

त्या वर्षी सणांच्या आधी मामाने बातमी आणली. मुंबईहून एक शिक्षिका येणार होत्या, रूथबाई. त्या परदेशात राहून हिब्रू शिकून आलेल्या. लांबलांबच्या गावांत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांतून एक हुशार मूल निवडून मुंबईला न्यायचं, तिथल्या शाळेत आणि वसतिगृहात ठेवायचं, नीट शिकवायचं, आणि पुढे त्यानेच लहान मुलांना शिकवावं, अशी त्यांच्या संस्थेची योजना होती. मामाने आमच्याबद्दल त्यांना कळवलं होतं. ‘बेकाशिवाय दुसरं कुणाला नेतात!’ तो म्हणाला आणि माझी वेणी ओढली. आमच्या शाळेत सातवीनंतर मुली गळायला लागायच्या. मला शिकायचं होतं, आणि मला मास्तरीणच व्हायचं होतं, मामासारखी. त्या पंधरवड्यात मी भिंतीला, चुलीला, बापूरावांच्या शेळीला शिकवून पाहिलं.

रूथबाई रविवारी सकाळी आल्या. मामाही त्यासाठी रविवारचं काम बुडवून थांबला होता. बाबा नेमके देवणीला जनावरांच्या प्रदर्शनाला गेलेले. आईने शनिवारी सूर्य मावळल्यापासून रात्रभर खपून चिकाचा हलवा केला होता. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, आणि ढवळून ढवळून खांदे मोडेपर्यंत मेहनत. बाई घरातल्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या. पांढरी साडी, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मऊ. फ्लोरामावशी भिंतीशी, आम्ही चौघं सतरंजीवर, मामा आमच्या मागे.

मी वाचलं. कुठे अडखळले नाही. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, ‘उच्चार इतके स्वच्छ! कुणी शिकवलं?’

‘एलीमामाने.’

‘एलीभाऊ, कमाल केलीत तुम्ही,’ बाई म्हणाल्या. मी वळून बघितलं. मामाचा चेहरा लाल झाला होता.

‘आता यातला तुला आवडणारा एखादा शब्द सांग बरं. आणि त्याचा अर्थ.’

कुठला शब्द निवडायचा याचा मला विचारही करावा लागला नाही. मी उभी राहिले आणि तोत्यांची गोष्ट सांगितली. अगदी मामाच्या ढंगात, हात पसरून, तोते कसे उडाले ते दाखवत. बाई आधी चकित झाल्या, मग त्यांना हसू आवरेना. त्यांचं हसणं वाईट नव्हतं. मी पुढे जन्मभर लहान मुलांना शिकवलं, मुलं असलं काही सांगतात तेव्हा मलाही असंच हसू येतं. पण फ्लोरामावशीही हसायला लागली आणि मला कळेना की माझं काय चुकलं.

‘हे कुणी सांगितलं तुला, बाळ?’

‘मामाने.’

बाईंनी मामाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं, पण ते जायला लागलं होतं. मामा हसला. कंडक्टरशी बोलताना हसायचा तसाच.

‘हिचं डोकं भलतंच चालतं, बाई. मनानेच रचते. शाळेतूनही तक्रार आहे हिची. मी असलं काही कसं शिकवीन?’

शाळेतून माझी एकही तक्रार नव्हती. मला आधी वाटलं मामा गंमत करतो आहे. मी वाट बघितली. 

‘मामा, तूच सांगितलंस ना? इथंच. दानी, सांग की.’

मामाचा हात दानीच्या खांद्यावर होता. दानीने वर बघितलं, मग खाली बघितलं, आणि म्हणाला, ‘न्हाई.’ दिना तिच्या आईकडे बघत म्हणाली, ‘मला आठवत नाही.’ अब्बूला कुणी विचारलंच नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात हलव्याची ताटली घेऊन उभी होती.

‘आई, तू ऐकलंस ना? तू आत शेंगा फोडत होतीस. तू हसली होतीस.’

आईने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्यावरून मामाकडे. ते बघणं फार वेळ चाललं असेल असं नाही, पण मला ते संपेचना. तिने ताटली खाली ठेवली.

‘मोठ्यांना खोटं पाडतेस?’ ती म्हणाली. ‘बाईंची माफी माग. मामाची पण.’

मी माफी मागितली. कशाची, ते मला आजही सांगता येणार नाही. रूथबाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या की गोष्टी रचणं वाईट नाही, पण पवित्र शब्दांच्या बाबतीत खोटं बोलू नये, आणि दुसऱ्याच्या नावावर तर मुळीच नाही. त्या खरंच प्रेमाने बोलत होत्या. मग त्यांनी दिनाला वाचायला सांगितलं. दिना अडखळत वाचत होती, पण बाईंनी विचारलेल्या शब्दांना तिने ‘माहीत नाही’ असं सरळ सांगितलं. मुंबईला दिना गेली.

दुपारी मामा नांदेडला निघाला. आईने डबा भरला आणि तो घेऊन मला त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत धाडलं. दर वेळी मीच जायची. त्या दिवशी तरी दुसऱ्या कुणाला पाठवेल असं मला वाटलं होतं. वाटेत मामा माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. रसाच्या गुऱ्हाळापाशी मीच थांबले.

‘मामा, तोताफोत म्हणजे काय?’

‘मला माहीत नाही.’

‘मग कुणाला माहीत आहे?’

‘माझ्या वडिलांना नव्हतं माहीत. त्यांच्या मास्तरांनाही नसेल. आम्हाला नुसतं म्हणायला शिकवलं, बेका. आम्ही कधी विचारलं नाही. तू विचारायला लागलीस.’ तो गुऱ्हाळाच्या चाकाकडे बघत होता. ‘पोरांसमोर माहीत नाही म्हणवेना.’

‘मी खोटं नाही बोलले.’

‘नाही बोललीस.’

‘मग चल ना परत. बाई फ्लोरामावशीकडेच आहेत. सांग त्यांना.’

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. एवढ्या वर्दळीत, धुळीत. ‘अलिबागकडे एका सिनगॉगमध्ये जागा आहे. प्रार्थना चालवायची, पोरांना शिकवायचं. रूथबाईंनी शब्द टाकला तर मला घेतील. माझं आयुष्य कापसाच्या गाठी मोजण्यात जायचं नाही मग. तू मोठी झालीस की समजेल तुला.’

त्याने डबा माझ्या हातातून घेतला आणि गाडीत चढला. कंडक्टरला काहीतरी म्हणाला. दोघंही हसले.

मी मोठी झाले आणि मला ते समजलंही. समजायला अवघड असं त्यात काहीच नव्हतं. ते समजल्यावर राग जाईल असं मात्र तो म्हणाला होता का, ते मला आठवत नाही. म्हणाला असेल तर तेही खोटंच होतं.

संध्याकाळी बाबा आले, अंगाला गोठ्याचा वास घेऊन. ते मितभाषी होते. हातपाय धुऊन त्यांनी सगळं आईकडून ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बेका खोटं बोलत नाही.’ एवढंच. मी दाराआड उभी होते.  तेवढ्यात आई म्हणाली, ‘मी होते ना तिथे. तुम्ही नव्हता.’ बाबांनी टॉवेल खुंटीला अडकवला. मग त्यांनी ताट वाढायला सांगितलं. त्या रात्री उरलेला हलवा वाटला गेला, मी खाल्ला नाही, आणि पुढे कधीच खाल्ला नाही. माझी सून दर वर्षी सणाला विचारते, आई, तुम्हाला हलवा आवडत कसा नाही? गोड फार होतो, असं मी सांगते.

मामाला ती जागा मिळाली. नांदेडचं बिऱ्हाड मोडून तो कोकणात गेला आणि आमच्या ओसरीवरचा क्लास बंद पडला. बापूरावांनी दोन-तीनदा विचारलं, ‘पोरी, ते अलिफ-बे का बंद केलं?’ मी म्हणाले, ‘मास्तर गेले.’ त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सुपारी कातरायला लागले. त्यांनीही ती गोष्ट ऐकलेली असणार. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारावं हे मला तेव्हा सुचलं नाही. कोकणात मामाला मोठा मान मिळाला. सुट्टीत आई आणि दानी जाऊन यायचे. लोक सांगायचे, मुलांना काय सुरेख गोष्टी सांगतात हो तुमचे भाऊ! आई ते घरी येऊन आम्हाला सांगायची आणि सांगताना माझ्याकडे बघायची नाही.

मी मॅट्रिक लातुरातच झाले. हिब्रूला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि लग्न होऊन ठाण्याला जाईपर्यंत ते पाळलंही. तिथे सिनगॉगमागच्या खोलीत बायकांसाठी वर्ग चालायचा. नवऱ्याने आग्रह केला म्हणून एकदा गेले. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी तोताफोतचा अर्थ विचारला. ते म्हणाले, प्रार्थनेच्या वेळी पुरुष कपाळावर बांधतात त्या चामड्याच्या डबीला तसं म्हणतात, पण हा शब्द मुळात कुठून आला यावर पंडितांचं अजून एकमत नाही. खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. मला हसायला आलं आणि मग हसणं थांबेना. शेजारच्या बाईने पाणी आणून दिलं. मामाने त्या सकाळी ‘मला माहीत नाही’ एवढंच म्हटलं असतं, तर ते परदेशात शिकून आलेल्या बाईंसमोरही खरं ठरलं असतं.

पुढे मी त्याच खोलीत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायला लागले आणि गुडघे साथ देईनासे होईपर्यंत शिकवत राहिले. मुलाची नोकरी लातूरच्या कॉलेजात लागली म्हणून परत इथे आले. आता रविवारी सकाळी मोबाइलवर चार-पाच मुलं गोळा होतात, ठाण्याची, पुण्याची, आणि नांदेडची एक चिमुरडी, जी मध्येच उठून मांजर दाखवायला आणते. मुलं विचारतात आणि मला येत नसेल तर मी सांगते, येत नाही, पुढच्या रविवारपर्यंत शोधते. मुलांना त्याचं काहीच वाटत नाही. मला मात्र ते म्हणताना दर वेळी त्या गुऱ्हाळाचा आवाज ऐकू येतो.

दानीने फार वर्षांनी, बाबांच्या जाण्यानंतर, मला एकदा म्हटलं, ‘ताई, त्याचा हात होता खांद्यावर.’ मी म्हटलं, ‘मला दिसत होता.’ दानीचा विषय तिथे संपला. तो आठ वर्षांचा होता.

आईचा संपला नव्हता. मामा गेल्याची बातमी आली तेव्हा ती माझ्याजवळ, लातुरातच होती. खूप थकली होती. पलंगावर पडल्या पडल्या ती दिवसभर त्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगत राहिली. आईवेगळा पोर, तिनेच मोठा केलेला, कुणाच्या ना कुणाच्या दारात वाढलेला. मी तिचे केस विंचरत होते. दुपार होती, पंखा घरघरत होता. मी विचारलं.

‘आई, तू ती गोष्ट ऐकली होतीस ना?’

कुठली, असं तिने विचारलं नाही.

‘अक्षर न् अक्षर,’ ती म्हणाली.

माझा हात थांबला. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून नकार ऐकायची तयारी करून ठेवली होती. हे ऐकायची नाही.

‘मग?’

‘त्याला दुसरं काय होतं गं? ती एक जागा मिळायची होती. ती गेली असती तर तो उभा राहिला नसता. तुला काय, तुला आम्ही होतो.’

‘तुम्ही नव्हता,’ मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग छताकडे बघत ती म्हणाली, ‘हो. त्या दिवशी नव्हतो.’

तिने चादरीवरून हात पुढे केला. मी तो धरला, पण लगेच नाही.